देवमाशाच्या फुफ्फुसातले जंत आणि गळून पडलेले प्रश्नचिन्ह

आमचे तळवडे इंद्रायणीच्या काठी. घाट उतरून गेल्याशिवाय समुद्र दिसत नाही. तरीही कोकणात कुठे देवमासा किनाऱ्याला लागला की आठ-दहा दिवसांत तो आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकावर येतोच. कारण उघड आहे. कारखान्यांत कामाला आलेली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची कुटुंबे इथे बरीच आहेत आणि सुट्टीत मुले गावी जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचे एक पिल्लू लागले. ग्रामस्थ आणि सरकारी खात्यांची माणसे यांनी मिळून सुमारे चाळीस तास खटपट केली, त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले, पण ते जगले नाही. सुट्टी संपल्यावर आमच्या नववीच्या तीन मुलींनी त्यावर एक मोठा तक्ता केला. एकीने तर पिल्लू स्वतः पाहिले होते.

तक्त्याचे नाव होते ‘देवमासे आत्महत्या का करतात?’ खाली चार चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. पहिल्या चौकोनात फुफ्फुसात आणि कानात जंत होतात, दुसऱ्यात श्वास कोंडतो, तिसऱ्यात दिशा कळेनाशी होते, चौथ्यात देवमासा किनाऱ्यावर. रंगसंगती सुंदर, अक्षर मोत्यासारखे. शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक मीच होतो आणि पहिला क्रमांक मीच दिला. नंतर सातवीतला एक मुलगा तक्त्यापुढे उभा राहून म्हणाला, “सर, पण हे जंत पाहिले कोणी?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या तक्त्याचे, आणि तो ज्या लेखनातून उतरला त्या लेखनाचे, उशिरा केलेले परीक्षण आहे.

मुलींचा दोष फारसा नाही. त्यांनी वाचनालयातली कात्रणे चाळली होती. मीही ती नंतर वाचून पाहिली. देवमाशांच्या किनाऱ्याला लागण्यावर मराठीत जे लोकप्रिय लेखन होते, त्याचा साचा ठरलेला आहे. प्रारंभी हळहळ, मग ‘शास्त्रज्ञांच्या मते’ असे म्हणून कारणांची यादी: प्रदूषण, जहाजांचा आवाज, पृथ्वीचे चुंबकत्व, फुफ्फुसातले किंवा मेंदूतले जंत. यादीतले प्रत्येक कारण एकाच वजनाचे. कोणत्या प्राण्यात, कुठे, कोणी काय पाहिले याचा मागमूस नाही. मुलींनी यादीतले एक कारण उचलले आणि त्याला बाण जोडले, एवढेच.

आत्महत्येची कल्पना आधी बाजूला ठेवू. डॉल्फिन कधीकधी उगाच किनाऱ्यावर चढतात आणि त्याचे कारण ठाऊक नाही, अशी नोंद ॲरिस्टॉटलने आपल्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी केली आहे. त्याने हेतू चिकटवला नाही, कारण माहीत नाही असे सरळ लिहिले. आपण मात्र तेवढा संयम दाखवत नाही.

आता जंतांकडे. हे कारण कुठून आले हे शोधू लागलो तर माग १९७० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात जाऊन थांबतो. १९७२ मध्ये सॅम रिजवे आणि मरे डेली यांनी किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांच्या मेंदूत एका कृमीची अंडी आणि त्यांच्याभोवती नष्ट झालेली ऊती पाहिली. कृमीचे नाव नासिट्रेमा. हा चपटा कृमी असून डोक्यातल्या हवेच्या पोकळ्यांत राहतो. मेंदूला अशी इजा झाल्यावर प्राण्याचा तोल आणि दिशा बिघडू शकेल, हा त्यांचा तर्क होता आणि तो वाजवी होता. १९७८ मध्ये डेली आणि विल्यम वॉकर यांनी एकेकट्याने किनाऱ्याला लागलेल्या देवमासे-डॉल्फिनांवर पुढचा निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाच्या शीर्षकातच, परजीवी हे ‘कारण’ या शब्दापुढे, कंसात एक प्रश्नचिन्ह छापलेले आहे. संशोधकांनी ते मुद्दाम घातले होते. ते प्रश्नचिन्ह निबंधातून विश्वकोशांत, तिथून मासिकांत आणि तिथून आमच्या तक्त्यावर येताना कुठेतरी गळून पडले.

शिवाय प्रवासात जंतही बदलला. त्या निबंधांचा भर डोक्यातल्या चपट्या कृमीवर होता. कानाजवळच्या पोकळ्यांत राहतो तो स्टेन्युरस, आणि तो गोलकृमी आहे. फुफ्फुसात राहणारे सुडॅलियस, हॅलोसर्कस वगैरे हेही गोलकृमी, स्टेन्युरसच्याच कुळातले, पण त्यांचे काम निराळे. मेंदूतली अंडी, कानातला जंत आणि फुफ्फुसातला जंत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यावर त्या एका चौकोनात नांदत होत्या. दहावीच्या ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ या पाठात चपट्या कृमींचा संघ वेगळा आणि गोलकृमींचा वेगळा, हे आपण घोकून घेतो. तेच ज्ञान वापरायची वेळ आली तेव्हा मी, परीक्षक असून, ते वापरले नाही.

फुफ्फुसातल्या जंतांची हकीगत स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. देवमासा, डॉल्फिन, सील हे सारे हवा श्वासात घेणारे प्राणी. देवमाशांचे पूर्वज जमिनीवरचे खुरांचे प्राणी होते. त्यांच्या जवळच्या नातलगाचे, इंडोहायसचे, अवशेष ए. रंगा राव यांनी काश्मीरमधून गोळा केलेल्या खडकांत होते आणि त्यांचे महत्त्व २००७ मध्ये जगापुढे आले. समुद्रात गेले तरी फुफ्फुस जमिनीवरचेच राहिले, फक्त विलक्षण कार्यक्षम झाले. माणूस शांत बसला असता एका श्वासात फुफ्फुसातली जेमतेम दहावा हिस्सा हवा बदलतो. डॉल्फिन तीन-चतुर्थांशाहून अधिक बदलतो, आणि तेही क्षणार्धात. अशा प्राण्याच्या श्वसनींत शेवयांच्या गुंत्यासारखे जंत बसले तर काय होईल याची कल्पना करता येते. उत्तर युरोपातल्या हार्बर पॉरपॉइज या छोट्या दंतधारी प्राण्यात सुडॅलियस इन्फ्लेक्सस हा जंत श्वसनींत राहतो आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतही शिरतो. त्याच प्राण्यात दुसरी जात श्वसनिकांत घर करते, तिसरी फुफ्फुसाच्या ऊतीतच रुतून बसते. जंतांभोवती दाह होतो, श्लेष्मा साठतो, त्यात जिवाणू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. प्राणी बहुधा या दुसऱ्या पायरीवर मरतो.

जंत तिथे पोचतो कसा? मुलींच्या तक्त्यावर पहिल्या चौकोनाच्या अलीकडे काहीच नव्हते. जणू जंत आपोआप होतात. कॅलिफोर्नियातल्या सी-लायनच्या बाबतीत हे कोडे मरे डेली यांनीच १९७० मध्ये सोडवले. फुफ्फुसातल्या जंतांच्या अळ्या श्लेष्म्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि विष्ठेतून समुद्रात पडतात. किनाऱ्याजवळ राहणारा ओपलआय नावाचा मासा सी-लायनची विष्ठा खातो. त्याच्या शरीरात अळी पुढच्या अवस्थेला जाते. मग सी-लायनचे पिल्लू शिकार शिकताना हाच सहज सापडणारा मासा खाते आणि चक्र पुरे होते. पॉरपॉइजच्या बाबतीत नुसते दूध पिणाऱ्या पिल्लांत जंत सहसा मिळत नाहीत, मासे खाऊ लागल्यावर मिळतात, यावरून मासा हाच मध्यस्थ पोशिंदा असावा असा कयास होता. २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी उत्तर युरोपातल्या समुद्रातल्या माशांत सापडलेल्या अळ्यांचा डीएनए या जंतांशी जुळवून त्याला पुष्टी दिली. पण इथेच निसर्गाने एक अपवाद ठेवला आहे. बॉटलनोज डॉल्फिनच्या अगदी नवजात पिल्लांच्या फुफ्फुसात हॅलोसर्कस लॅजेनोऱ्हिंकाय हा जंत वाढलेल्या अवस्थेत सापडतो, म्हणजे तो आईच्या पोटातच पिल्लाला मिळतो. १९९१ मध्ये डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पुरावा मांडला. एकाच कुळातले दोन जंत, एक माशातून येणारा, दुसरा नाळेतून. पाठ्यपुस्तकातल्या गोल चक्राच्या आकृतीत हे बसत नाही, आणि म्हणूनच ते वर्गात सांगावे असे मला वाटते.

आता सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, मेलेल्या डॉल्फिनचे फुफ्फुस उघडले आणि त्यात शेकडो जंत निघाले. जंतांमुळे तो मेला असे म्हणता येईल का? नाही. जंत नसलेले किंवा कमी असलेले, दुसऱ्या कारणाने मेलेले डॉल्फिन शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय नाही. प्रयोगशाळेत आपण ज्याला नियंत्रित संच म्हणतो, तो समुद्रात कुठून आणायचा? तो मिळतो मासेमारीच्या जाळ्यात. जाळ्यात अडकून गुदमरलेला पॉरपॉइज आजारी असेलच असे नाही. त्याच्या फुफ्फुसात जे दिसते ते कळपातले नेहमीचे प्रमाण समजता येते. जर्मन किनाऱ्यावर उर्सुला सीबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे अशी शवविच्छेदने केली. जाळ्यात मेलेल्या प्राण्यांतही जंत निघतात. म्हणजे जंत असणे ही बऱ्याच प्रौढ पॉरपॉइजांची रोजची स्थिती आहे. फरक पडतो तो जंतांच्या संख्येत, न्यूमोनियाच्या तीव्रतेत आणि सोबतच्या जिवाणूंत.

हे आपल्याकडच्या मेंढपाळाला सांगावे लागत नाही. चाकण-आळंदीच्या बाजूला पीक निघाल्यावर शेतात मेंढ्या बसवतात, तिथल्या धनगराला विचारा. मेंढीच्या फुफ्फुसातही जंत होतात, पण चारा नीट असेल तर मेंढी थोडी खोकत जगते. कोकरू असेल, चारा तुटला असेल, पाऊस झड लावून बसला असेल तेव्हा मरते. ‘जंत’ हे एकट्याने पूर्ण उत्तर नसते. गुरांच्या फुफ्फुसातल्या जंतावर १९५९ मध्ये स्कॉटलंडमध्ये लस निघाली. क्ष-किरणांनी दुबळ्या केलेल्या जिवंत अळ्या वासराला पाजायच्या, एवढीच ती लस. प्रतिकारशक्ती तयार असेल तर खरा जंत आला तरी वासरू निभावून नेते, हे त्यातून सिद्धच झाले.

मग प्रतिकारशक्ती दुबळी करणारे समुद्रात काय आहे? ब्रिटनमध्ये पॉल जेप्सन आणि सहकाऱ्यांनी जाळ्यात वा इजा होऊन मेलेले पॉरपॉइज एका बाजूला आणि संसर्गाने मेलेले दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांच्या चरबीतले पीसीबी मोजले. संसर्गाने मेलेल्यांत ते सरासरीने अधिक निघाले. पुढे याच प्राण्यांच्या जंतांची संख्या आणि पीसीबी यांचाही संबंध तपासला गेला. तो दिसला, पण वय, लिंग आणि मृत्यूचे कारण यांच्यात तो इतका गुंतलेला होता की संशोधकांनी ठाम विधान टाळले. पुन्हा तेच: संशोधक थांबतो तिथे आपले लेख सुसाट पुढे जातात. आजारी प्राणी उपाशी राहतो, त्याची चरबी आटते आणि उरलेल्या चरबीत विष घट्ट होते, ही उलटी शक्यताही तपासावी लागते. ती तपासण्याआधी बाण कोणत्या दिशेने काढायचा?

पीसीबी हा आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या मुलांना परका शब्द वाटू नये. विजेच्या जुन्या कपॅसिटरांत आणि काही ट्रान्सफॉर्मरांत न पेटणारे तेल म्हणून ही संयुगे वापरली जात. रस्त्याकडेच्या प्रत्येक डीपीत ती असतात असे मुळीच नाही, बहुतेकांत साधे खनिज तेल असते. भारत सरकारच्या २०१६ च्या आदेशाने त्यांचे उत्पादन व आयात बंद झाली आणि वापर थांबवायला ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घालण्यात आली. एक मुलगी उत्साहाने म्हणाली, “मग आपल्या कारखान्यांमुळेच गणपतीपुळ्याचा देवमासा मेला.” तिला नकाशा काढायला लावला. तळवड्याचे पाणी इंद्रायणीत, इंद्रायणी तुळापूरला भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. गणपतीपुळे अरबी समुद्रावर. पाऊण तास त्या नकाशावर गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

याहून मोठी चूक मात्र मुलीच्या मोबाईलमधल्या फोटोत होती. पिल्लाच्या गळ्याखाली लांब उभ्या पन्हळी स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे तो दात नसलेला, तोंडात गाळणीसारख्या पट्ट्या असलेला, बॅलीन गटातला देवमासा. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला लागलेला निळा देवमासा आणि जानेवारी २०१६ मध्ये जुहूला आलेला ब्राइड्स देवमासा हेही याच गटातले. फुफ्फुसातल्या जंतांबद्दल वर जे सांगितले ते सारे दंतधारी प्राण्यांचे आणि सील-सी-लायनचे आहे. बॅलीन देवमाशांत या जंतांच्या नोंदी फार विरळ आहेत. त्यांचा कुप्रसिद्ध जंत वेगळाच, क्रॅसिकॉडा नावाचा, आणि तो फिन देवमाशाच्या मूत्रपिंडात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांत राहतो. शिवाय ते पिल्लू होते. आईपासून तुटलेले पिल्लू किनाऱ्याला का लागले याला जंतांची गरज नाही. आमच्या तक्त्याने ज्या प्राण्याचे चित्र काढले होते, त्यालाच त्याचे उत्तर लागू पडत नव्हते.

जंतांचा प्रश्न आपल्याकडे खरा लागू पडेल तो दंतधारी प्राण्यांना. तमिळनाडूतल्या मनप्पाडजवळ जानेवारी १९७३ मध्ये १४७ पायलट देवमासे एकदम किनाऱ्याला लागले होते. त्याच किनाऱ्यावर जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा ऐंशीहून अधिक आले. पायलट देवमाशांच्या डोक्यातल्या पोकळ्यांत स्टेन्युरस जंत जगभर आढळतात. पण सगळ्या कळपाच्या डोक्यात जंत असतील तर ते आदल्या वर्षीही असणार. मग नेमक्या त्याच दिवशी कळप का आला? घट्ट बांधलेल्या कळपात एक आजारी प्राणी किनाऱ्याकडे वळला आणि बाकीचे मागे आले, ही शक्यता अधिक विचारात घेतात. कोकणात वर्षभर दिसतात ते कुबडवाले डॉल्फिन आणि पाठीवर पर नसलेले पॉरपॉइज. या पॉरपॉइजच्या फुफ्फुसातला हॅलोसर्कस पिंगी हा जंत चीनमध्ये १९२९ मध्येच नोंदला गेला आहे. आपल्या बातम्या मात्र मेलेला प्राणी किती फूट लांब आणि तो पुरायला जेसीबी किती वाजता आला इथे संपतात. पुरण्याआधी फुफ्फुस उघडले का, हा प्रश्न वार्ताहर विचारत नाही. आपल्या उन्हात प्रेत दोन दिवसांत सडते, वाळूत पुरावे लागते, हे मान्य. म्हणूनच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला पाहिजे.

पाठ्यपुस्तकाबद्दलही एक तक्रार नोंदवतो. परजीवी प्राणी आपल्या पुस्तकांत फक्त रोग म्हणून येतो: नाव, अवयव, लक्षण, उपाय. त्यामुळे मुलाच्या मनात परजीवी म्हणजे मृत्यूचे कारण हे समीकरण पक्के होते. पोशिंदा मेला तर बहुतेक परजीवींचाही आसरा जातो, ही साधी गोष्ट कोष्टकात मावत नाही. आमच्या तक्त्यातला पहिला बाण तिथूनच निघाला होता.

दुसऱ्या सत्रात मुलींनी तक्ता पुन्हा केला. सुरुवात खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या फोपशाने झाली. देहू शेजारी असल्यामुळे वर्गात माळकरी घरची मुले बरीच, तेव्हा आधी घरोघर विचारले आणि ज्यांना नको त्यांना आकृती दिली. श्वासनलिकेत नळी घालून पंपाने हवा भरली की फोपसा फुगतो, आणि एका श्वसनीत दोऱ्याचा गुंता कोंबला की त्याचा तेवढा भाग फुगत नाही. हे पाहिल्यावर ‘श्वास कोंडतो’ हा चौकोन मुलींनी आपणहून खोडला. सगळा श्वास कोंडत नाही, त्या फांदीपुरता कोंडतो, असे त्यांनी लिहिले.

नव्या तक्त्यावर बाण कमी आहेत आणि दोन चौकोन रिकामे आहेत. खाली, कोकणात जाणाऱ्या मुलांसाठी सूचना आहेत. किनाऱ्यावर मेलेला देवमासा किंवा डॉल्फिन दिसला तर हात लावायचा नाही, तो कायद्याने संरक्षित आहे आणि त्याच्यापासून संसर्गही होऊ शकतो. वन खात्याला लगेच कळवायचे. तारीख, वेळ, गाव लिहायचे, शेजारी माणूस किंवा काठी दिसेल असा फोटो घ्यायचा. गळ्याखाली पन्हळी आहेत का ते पाहायचे. डोक्यावरची श्वासछिद्रे मोजायची: एक असेल तर दंतधारी, दोन असतील तर बॅलीन. गणपतीपुळ्याच्या फोटोत डोक्यावर ओले पोते टाकलेले होते, त्यामुळे छिद्रे मोजता आली नाहीत.